मेंदूला मार लागलेल्या माणसाला घरी आणताना: यावल तालुक्यातल्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. नवरा 41 वर्षांचा. मोटरसायकल घसरून डोक्याला मार लागला, डाव्या बाजूला रक्त साचलं म्हणून शस्त्रक्रिया झाली आणि कवटीचा तुकडा काढून ठेवला. तीन आठवडे आयसीयू, मग नाशिकला पुनर्वसन केंद्रात दोन महिने. आता काठी धरून चालतात, उजवा हात जेमतेम उचलतो, बोलताना शब्द अडतात, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, आणि पटकन संतापतात. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांत घरी न्या. घर यावल तालुक्यात, केळीची शेती, घरी सासू-सासरे आणि दोन लेकरं. सासूबाईंचा आग्रह आहे की आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेक घरातच पाहिजे. तयारी काय करू?

ताई, मी जळगावला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. 22 वर्षं हेच काम करते, आणि त्यातलं निम्मं दवाखान्यात नाही, लोकांच्या घरात, ओट्यावर, न्हाणीत. तुम्ही आधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक घरांतून फोन येतो तो पेशंट घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी: "मॅडम, तिथे तर चांगले होते, इथे येऊन बिघडले."

ते बिघडलेले नसतात. केंद्रात सहाला चहा मिळतो, साताला तोंड धुवायला कोणीतरी उठवतं, गोळी हातावर ठेवली जाते, दहाला व्यायाम, दुपारी झोप, रात्री दिवे बंद. काय करायचं, कधी सुरू करायचं, कुठे थांबायचं, राग कसा आवरायचा, हे सगळं कपाळामागचा मेंदू बघतो, आणि डोक्यावर आपटण्याच्या अपघातात बहुतेक वेळा तोच भाग दुखावतो. केंद्रातलं वेळापत्रक त्या भागाचं काम बाहेरून करत असतं. घरी आल्या दिवशी ते वेळापत्रक नाहीसं होतं आणि माणूस उघडा पडतो. म्हणून भाऊंबरोबर वेळापत्रकाची ती चौकटही घरी आणावी लागेल. उतार, दांडा, कमोडची खुर्ची हे गवंडी आणि सुतार दोन दिवसांत करून देतील. चौकट तुम्हालाच उभारायची आहे, आणि तिची सुरुवात नाशिकलाच करायची.

या पंधरा दिवसांतले शेवटचे चार दिवस तुम्ही आणि घरातला आणखी एक माणूस, दीर असला तर उत्तम, केंद्रात मुक्कामाला राहा. नर्सला म्हणा, तुम्ही बाजूला उभ्या राहा, आम्ही करतो. अंघोळ, कपडे, गोळ्या, संडासला नेणं, पलंगावरून उठवणं, सगळं तुमच्या हातून होऊ द्या. जिथे अडेल तिथे विचारायला माणूस समोर आहे, घरी तो नसेल. फिजिओथेरपिस्ट व्यायाम करून घेतात तो मोबाईलवर शूट करून ठेवा. उजव्या खांद्याला धरून कधीच उचलायचं नाही. कमजोर हाताचा खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. काखेत हात घालून ओढायची आपल्याकडे सगळ्यांनाच सवय असते. त्याऐवजी कमरेला पट्टा बांधून आधार कसा द्यायचा हे शिकून घ्या.

निघताना कागद मागायला लाजू नका. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, सीटी स्कॅनची सीडी, गोळ्यांची वेळेसकट यादी, पुढच्या तपासणीच्या तारखा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: काढलेलं हाड कुठे आहे आणि ते परत कधी बसवणार? आपल्याकडे पुष्कळदा ते पोटाच्या कातडीखाली ठेवतात. तसं असेल तर पायजम्याची नाडी तिथे आवळून बांधायची नाही, आणि लेकरू पोटावर लोळणार नाही हे बघायचं. डोक्याच्या डाव्या बाजूला हाड नाही तोवर त्या कुशीवर झोपवायचं नाही, आणि उठून चालताना डोक्याला संरक्षण देणारी टोपी घालायचीच.

आता घर. आज कोणाला तरी सांगून घराचा व्हिडिओ मागवा: रस्त्यापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून पलंगापर्यंत, पलंगापासून संडासपर्यंत. पायऱ्या किती, उंबरा किती बोटं उंच, दार किती रुंद, हे मोजून घ्या आणि केंद्रातल्या थेरपिस्टला दाखवा. तिथल्या गुळगुळीत फरशीवर छान चालणारा माणूस गावात पहिल्या उंबऱ्याला अडखळतो. न्हाणीत घसरू नये म्हणून खडबडीत चटई, भिंतीला पक्का दांडा (प्लास्टिकचा चिकटवायचा नको), बसून अंघोळ करायला मजबूत खुर्ची. खाटेवर झोपवू नका. सुंभ सैल पडतो, माणूस खड्ड्यात बसतो आणि एका हाताने उठताच येत नाही. लोखंडी पलंग घ्या, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढाच उंच, आणि डाव्या, चांगल्या बाजूने उतरता येईल असा लावा.

उन्हाळ्याचं मला मुद्दाम सांगायचंय. चैत्र सरला की आपल्याकडे पारा 44-45 वर जातो आणि सगळं घर गच्चीवर नाही तर अंगणात झोपायला जातं. भाऊंना गच्चीवर झोपवायचं नाही. तोल नाही, रात्री जाग आली की आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि कठडा गुडघ्याएवढा. खाली कूलर लावा, कोणीतरी शेजारी झोपा. पाणी वेळेवर पाजा. त्यांना तहान लागली तरी ते मागतीलच असं नाही, मागणं हेसुद्धा सुरुवात करण्यातच आलं. अंगातलं पाणी कमी झालं की गुंगी येते, आणि हाड नसलेली जागा आत ओढल्यासारखी खोल जाते.

दुसरी गोष्ट रात्रीच्या लाईटीची. चोपडा तालुक्यातला माझा एक पेशंट, असाच शेतकरी, घरी येऊन आठ दिवस झाले होते. सगळं ठीक चाललेलं. एका रात्री दीड वाजता थ्री फेज (शेतातल्या मोटारीची वीज) आली, शेजारच्या घरात कोणीतरी "लाईट आली" म्हणालं, आणि हा उठून अंधारात मोटार चालू करायला विहिरीवर निघाला. वीस वर्षांची सवय अंगात होती, अपघात झालाय हे मात्र रात्री आठवलं नाही. बायकोला जाग आली ती कडी वाजल्यामुळे. पायात चप्पल नाही, काठी नाही, आणि तो तिला सांगतोय, "बाजू हो, पाळी आपली आहे." ती शहाणी. तिने अडवलं नाही, वाद घातला नाही. म्हणाली, "मोटार नानांनी चालू केली, मी आत्ताच बघून आले." तो परत येऊन झोपला. दुसऱ्या दिवशी आम्ही दाराला वर, हात सहज पोहोचणार नाही अशा जागी, कडी लावली आणि पलंगाच्या कडेला एक छोटी घंटी बांधली. तुमच्या घरी हे आधीच करून ठेवा. दाराला बाहेरून कुलूप मात्र कधीच नको. विहिरीकडे, मोटारीच्या खोलीकडे ते एकटे जाणार नाहीत अशी व्यवस्था करा. फवारणीची औषधं घरात असतील तर ती आजच कुलुपात टाका. मेंदूच्या इजेनंतर मन खचतं, झटका आल्यासारखं माणूस काहीही करून बसतो, आणि आपल्या घरांत विषाचा डबा कोपऱ्यात हाताशी असतो. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता आखाजी. सासूबाईंचं मन मला कळतं. आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोका बांधतात, घर भरतं, आणि लेक मरणाच्या दारातून परत आलाय. पण ताई, भाऊंना त्या गर्दीत आणू नका. आखाजीला अजून अडीच-तीन आठवडे असतील तर किमान दहा दिवस आधी आणा, म्हणजे घर अंगवळणी पडेल. ते जमत नसेल तर सण होऊन नणंदा परत गेल्यावर आणा. अधलामधला मार्ग नको. सणाच्या दोन दिवस आधी तर नकोच नको.

आणि सण नसला तरी गाव पाहायला येणारच. आपल्याकडे पाहायला न जाणं हा अपमान समजतात. प्रत्येक जण खाटेजवळ वाकून एकच विचारतो, "मले वयखलं का रे भाऊ?" माणूस ओळखतो, पण नाव जिभेवर येत नाही. समोरचा हसतो, परत विचारतो, बाकीचे सुचवतात. दहा जणांनी दहा वेळा घेतलेली ही परीक्षा माझ्या डोळ्यांसमोर झालीय, आणि त्या संध्याकाळी तो माणूस ताट भिरकावतो आणि घर म्हणतं, बघा, किती चिडका झाला. तुमच्या सासऱ्यांना हे काम द्या, आणि मान देऊन द्या: येणाऱ्याला ओट्यावर बसवायचं, चहा तिथेच द्यायचा, आणि सांगायचं, डॉक्टरांनी एका वेळी दोघांनाच आत सोडायला सांगितलंय, तेही दहा मिनिटं. डॉक्टरांच्या नावावर खपवा, कोणी नाराज होत नाही. आत येणाऱ्याने स्वतःच आपलं नाव सांगायचं: "मी अमका, तुझ्या शेजारच्या शेतातला." बस्स, एवढ्याने अर्धी चिडचिड कमी होते.

थकवा हा यातला सगळ्यात न दिसणारा भाग. उन्हाळ्यातली विहीर आठवा. तास-दीड तास मोटार चालते, मग पाणी तुटतं आणि झरे भरेपर्यंत थांबावंच लागतं. भाऊंच्या मेंदूचं आता तसंच आहे. अंघोळ झाली की अर्धा तास पडू द्या. कोणाशी बोलणं झालं की शांत खोली. टीव्ही, कूलर, लेकरांचा गोंगाट आणि कोणाचं तरी बोलणं हे सगळं एकदम चालू असेल तर त्यातून एक आवाज निवडणं त्यांना जमत नाही. पाणी तुटल्यावर मोटार चालवली तर ती जळते. इथे माणूस भडकतो किंवा रडतो. भडकले की वाद घालू नका, समजावू नका, "किती करायचं तुमचं" हे तर तोंडातून जाऊच देऊ नका. खोली बदला, पाणी द्या, दहा मिनिटं जाऊ द्या. एक विचारून ठेवा: फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू आहे का? काही जणांना त्या गोळीनेच चिडचिड वाढते. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका, एकाएकी बंद केली की फिट येण्याची भीती असते.

चौकट म्हणजे प्रत्यक्षात काय, तर भिंतीवर एक मोठा पांढरा फळा. वर आजचा वार आणि तारीख, खाली दिवसाच्या सात-आठ गोष्टी, ठळक अक्षरात, शेजारी चित्र: चहा, गोळी, संडास-अंघोळ, व्यायाम, जेवण, झोप, ओट्यावर बसणं, काम. झालं की त्यांनी स्वतः खूण करायची. "सांगितलं होतं ना" म्हणण्यापेक्षा "फळा बघा" म्हणा. आठवण राहत नाही म्हणून लाज वाटते, आणि फळ्याकडे बघण्यात लाज नाही. चष्मा, काठी, टोपी यांची जागा एकच.

आणि त्या फळ्यावर "काम" असलंच पाहिजे. नुसता रबरी चेंडू दाबत बसलेला शेतकरी आठ दिवसांत कंटाळतो. भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, त्याला दोन्ही हात लागतात: कमजोर हाताने शेंग धरायची, चांगल्याने फोडायची. कापसाच्या बोंडातून रुई काढणं, भरताच्या भाजलेल्या वांग्याचं साल काढणं (गार झाल्यावर, कारण उजव्या हाताला चटका कळेलच असं नाही). महिना-दीड महिन्यानंतर, सकाळी उन्हाच्या आत, कोणाला तरी बरोबर घेऊन बागेच्या बांधापर्यंत. तिथे खुर्ची टाका. ठिबकच्या किती नळ्या चालू, किती बंद, एवढं मोजून त्यांनी वहीत लिहायचं, डाव्या हाताने का होईना. यावलचाच एक माणूस मला म्हणाला होता, "घड मोजले त्या दिवशी मी घरी आलो." त्याला तेव्हा घरी येऊन दोन महिने झाले होते.

जेवणाबद्दल एक सावधानता. पाणी पिताना खोकला येतो का, जेवल्यावर आवाज घोगरा, ओला होतो का, हे केंद्रातल्या स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या. गिळण्यात थोडी जरी अडचण असेल तर शेवभाजी आत्ता नको. पातळ रस्सा आणि त्यात तरंगणारी शेव, दोन वेगळ्या गोष्टी एकाच घासात, हे गिळायला सगळ्यात अवघड. कोरडी कळण्याची भाकरीही ठसका लावते, ती दाट वरणात पूर्ण भिजवून द्या. सरळ बसवून, टीव्ही बंद करून जेवू घाला आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. तंबाखू तोंडात नको, आणि दारू अजिबात नको, पाहुणे म्हणतात म्हणून घोटभरही नको.

फिट आली तर कुशीवर वळवा, हाड नसलेली डावी बाजू वर राहील अशा उजव्या कुशीवर. आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा-चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता परत आली, तर 108 ला फोन. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, ताप, जास्त झोप, टाक्याच्या जागेतून पाणी, किंवा ती जागा टणक फुगली, तरी थांबू नका. आणि एक लक्षण लोक वयावर किंवा आळसावर ढकलतात: चांगलं चालणारा माणूस परत पाय ओढायला लागतो, कपड्यात लघवी होते, गप्प गप्प राहतो. डोक्यात पाणी साचायला लागलेलं असू शकतं. लगेच न्यूरोसर्जनला दाखवा.

मोटरसायकल आणि ट्रॅक्टरच्या चाव्या खिळ्यावरून काढा. डॉक्टर लेखी हो म्हणेपर्यंत नाही. पीक कर्जाच्या किंवा जमिनीच्या कुठल्याही कागदावर त्यांची सही किंवा अंगठा कोणाला घेऊ देऊ नका, भावकीतल्यालाही नाही, आणि मोबाईलचा पैसे पाठवायचा पिन बदलून तुमच्याकडे ठेवा. खिशात शे-दोनशे रुपये मात्र राहू द्या, रिकाम्या खिशाने माणूस खचतो. दुसऱ्या गाडीमुळे अपघात झाला असेल तर नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा असतो. तीन महिने तर गेलेच, म्हणून वकिलाकडे या महिन्यातच जा, एफआयआरची प्रत घेऊन. हात-पाय आणि बोलण्यातला कमीपणा राहिला तर पुढे यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून शासकीय रुग्णालयातल्या मंडळासमोर तपासणी होते. बहुतेक सवलतींना 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.

सासूबाई म्हणतील, बाहेरचं लागलंय, भगताकडे नेऊ. भांडू नका. देवाला नारळ फोडा, अंगारा लावा, त्याने त्यांचा जीव शांत होतो. पोटात द्यायचं झाडपाल्याचं औषध आणि डोक्यावरची मालीश मात्र नाही, आणि गोळ्या चालूच.

आता तुमचं. रात्रीच्या पाळ्या लावा: दोन रात्री तुम्ही, एक रात्र दीर किंवा सासरे. आठवड्यातून एक दुपार घराबाहेर, माहेरी, बाजारात, कुठेही. भाऊ तुम्हालाच सगळ्यात जास्त बोलतील, कारण तुम्हीच जवळ असाल. कधी चारचौघांत नको ते बोलतील, नको तशी जवळीक करू बघतील. तो आवर घालणारा भाग दुखावलाय. त्या वेळी शांतपणे "आत्ता नाही" म्हणून बाजूला व्हा, आणि हे थेरपिस्टला सांगायला संकोचू नका, आम्ही रोज ऐकतो. लेकरांना सांगून ठेवा की पप्पांच्या डोक्याला जखम आहे, ते रागावले तर तुमची चूक नाही. झोप उडाली, रडू थांबेना, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत भराभर दिसते, मग वेग कमी होतो, पण दोन वर्षं आणि त्यानंतरही ती होत राहते. म्हणून सहाव्या महिन्यात "आता एवढंच" असं कोणी म्हटलं तर व्यायाम सोडू नका.

प्रवासाचं शेवटी. नाशिकहून पहाटे चारला निघा, म्हणजे धुळे-जळगाव करत ऊन चढायच्या आत घरी पोहोचाल. भाऊंना ड्रायव्हरच्या मागे उजवीकडे बसवा, तुम्ही त्यांच्या डावीकडे. म्हणजे हाड नसलेली बाजू दाराकडे येणार नाही. उजव्या हाताखाली उशी, टोपी घातलेली, दीड-दोन तासांनी थांबा. सकाळची गोळी पिशवीत वर ठेवा, डिक्कीत नाही. आणि घरी सांगून ठेवा, पहिल्या दिवशी ओवाळायला सासूबाई एकट्याच दारात असू देत. बाकी घर मागच्या खोलीत थांबेल. सासऱ्यांशी हे आजच फोनवर बोलून घ्या, आणि त्याच फोनवर उंबऱ्याची उंचीही विचारा.